तांडेलदादांची राखीव जागा

तांडेलदादा गेल्याचं त्यांच्या मुलीनं कॅनडाहून फोन करून कळवलं. मिताली बहारीनमध्ये वाढलेली. इथल्या बहुतेक मराठी मुलांसारखं तिला मराठी समजतं, पण बोलते ती इंग्रजीत. अलिबागजवळ गावच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, त्रास काही झाला नाही, हे सगळं तिनं इंग्रजीत सांगितलं. मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "काका, बाबांचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे? आमच्याकडच्या सगळ्यांत आईच आहे."

शोधतो म्हटलं आणि शोधायला बसलो. इतक्या वर्षांच्या सहली, इतके फोटो, पण त्यांत दादा जवळजवळ नव्हतेच. एक तर फोटो तेच काढत असत. आणि एखाद्या फोटोत चुकून आलेच, तर जे बघायला आम्ही तिथवर गेलो होतो त्याच्याकडे पाठ करून उभे.

ही पाठ करण्याची गोष्ट आधी सांगायला हवी. बहारीनमध्ये पाहुणा आला की त्याला दक्षिणेकडच्या वाळवंटातलं ते एकटं झाड दाखवायला नेतात. आजूबाजूला पाण्याचा थेंब दिसत नाही आणि ते शेकडो वर्षं हिरवं उभं आहे. सगळे त्याला 'ट्री ऑफ लाइफ' म्हणतात. इथं येऊन महिना झाला नाही तोच प्रत्येक जण ते पाहून येतो. तांडेलदादांनी नोकरीची सगळी वर्षं इथं काढली आणि ते झाड पाहिलं नाही. पाहुण्यांना ते स्वतः गाडीनं घेऊन जात. गाडी अशी लावत की तिचं तोंड रस्त्याकडे राहील. मग पाहुणे उतरून झाडाकडे जात आणि दादा काच खाली करून रस्त्याकडे बघत बसत. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

"दादा, तुम्ही येत नाही?"

"ते राखून ठेवलंय," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"सगळं बघून झालं तर माणूस परत येईल कशाला?"

हा त्यांचा नियम होता. कुठंही गेलं की एक जागा राखायची. तिच्या दारापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं. हा नियम फक्त जागांपुरता नव्हता. कुणाकडे जेवायला गेले तर ताटात एक घास तसाच ठेवत. नव्या यजमानीण बाईंना वाटे, आवडलं नाही. मग शैलावहिनी हळूच सांगत, "मनावर घेऊ नका. ह्यांच्या आईची सवय आहे." दादांचे वडील मासेमारीला जात. ते समुद्रावर असेपर्यंत आई भाकरीची टोपली कधी रिकामी करत नसे. मुलांनी कितीही मागितली तरी शेवटची भाकरी टोपलीत राहायची. बाहेर गेलेला माणूस परत यायचा आहे, हे त्या भाकरीनं घराला सांगायचं, असं दादा म्हणत. एरवी देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. हे एवढं मात्र होतं.

दादा हिद्दच्या बंदरावर क्रेनच्या देखभालीचे इंजिनिअर होते आणि मी त्याच कंपनीत हिशेब बघायचो. क्रेनच्या बाबतीत राखून ठेवायचा नियम नव्हता. तिथं शेवटचा बोल्ट ते स्वतः हात लावून बघत. कंपनीच्या बसमध्ये मी पुस्तक वाचत असे म्हणून त्यांनी माझं नाव 'वाचनालय' ठेवलं होतं. "काय वाचनालय, आज कुठवर?" असं रोज विचारायचे. शेवटची चार पानं राहिली आहेत असं म्हटलं की हात पुढे करून पुस्तक मिटायचे. "राहू दे. उद्याला काय वाचशील?" मला राग यायचा. आता शेवटची पानं आली की हात आपोआप थांबतो.

शैलावहिनी मनामातल्या एका इस्पितळात नर्स होत्या. अंगानं स्थूल, बोलायला मऊ आणि नवऱ्याच्या नियमाची सगळ्यांत जास्त थट्टा करणाऱ्या. गुदैबियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शेगडीच्या वर भिंतीवर एक तांब्याची ताटली टांगलेली होती. एका बहारीनी म्हातारीची वहिनींनी महिनाभर सेवा केली होती. तिच्या मुलांनी बोस्नियाहून सुट्टी घालवून परत येताना वहिनींसाठी ती आणली. ताटलीवर ठोकून काढलेला मोस्तारचा जुना पूल होता. एकच दगडी कमान, खाली नदी, दोन्ही टोकांना बुरूज. युद्धात तो पूल पडला आणि लोकांनी तसाच पुन्हा उभा केला, ही गोष्ट म्हातारीच्या मुलानं सांगितली होती. ती वहिनींच्या मनात राहिली. पोळ्या करताना नजर समोर तिथंच जाई. "पडलेला पूल परत बांधला म्हणजे काय हो," त्या कधीतरी मध्येच म्हणत. "एकदा पायाखाली घालायचाय मला."

एका ईदच्या सुट्टीला बोस्नियाची सहल ठरली ती त्यामुळेच. चार कुटुंबं होती. तांडेल, आम्ही, बँकेतले बोरकर पतिपत्नी आणि एक मुंबईकर जोडपं. इथला रेसिडेन्स असला की तिकडे जाणं सोपं, आणि बंदरावरचा जासिम दर उन्हाळ्यात जाऊन आलेला, त्यामुळे माहितीही भरपूर. दादांची सहल समजावून सांगायची पद्धत वेगळी होती. सगळ्यांना घरी बोलवायचं, चटई अंथरायची आणि स्वयंपाकघरातली भांडी मांडायची.

"ही कढई म्हणजे सारायेवो. चहूबाजूंनी डोंगर, मधे गाव. ही चाळणी म्हणजे यायत्सेचा धबधबा. गावाच्या मधोमध पडतो, कळलं? आता हा डाव म्हणजे नेरेत्वा नदी, हिच्या कडेनं आपण खाली उतरणार. आणि इथं मोस्तार." डावावर त्यांनी लाटणं आडवं ठेवलं.

वहिनी पोहे घेऊन आल्या होत्या. खाली बघून म्हणाल्या, "लाटणं माझं, पूलही माझा. हा राखायचा नाही हं. चौघांसमोर सांगून ठेवते."

"नाय राखणार."

"शपथ?"

"तुझ्या लाटण्याची," दादा म्हणाले. "राखायला पिवळा किल्ला आहे." आणि कढईच्या काठावर एक लिंबू ठेवलं.

सारायेवोचा तो पिवळा किल्ला म्हणजे डोंगराच्या कडेवरचा एक जुना बुरूज. संध्याकाळी तिथं बसून सगळं शहर खाली बघायचं, म्हणून लोक जातात. आम्ही बाकी सगळं पाहिलं. जुन्या बाजारात तांबटांची गल्ली होती. वहिनी तिथं प्रत्येक दुकानात ताटल्यांवरचे पूल बघत हिंडल्या आणि आपल्या घरचाच चांगला असं ठरवून बाहेर आल्या. बाजाराच्या चौकात लाकडी पाणपोई आहे. तिचं पाणी प्यायलं की माणूस या गावात परत येतो असं तिथले लोक मानतात. दादांना ते ऐकून फार आनंद झाला. "बघ, ह्यांचंही तेच," ते म्हणाले. वहिनी ओंजळीनं दोनदा प्यायल्या. एक दादांच्या वाटची, कारण दादा थंड पाणी पीत नसत. ज्या पुलाजवळच्या गोळीबारानं पहिलं महायुद्ध पेटलं तो पूल इतका साधा होता की बोरकर दोनदा त्याच्यावरून जाऊन "पूल कुठाय?" असं विचारत होते. नव्वदच्या दशकातल्या युद्धात शहराला वेढा पडला असताना विमानतळाखालून खणलेल्या बोगद्यात आम्ही वाकून चाललो. आमचा ड्रायव्हर सेनाद लहानपणी त्या वेढ्यात होता. तो आत आला नाही, दाराशी थांबून राहिला.

किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत दादांनी सगळ्यांना नेलं आणि नियमाप्रमाणे मागं फिरवलं. बोरकर चिडले. "एवढ्या लांब येऊन वर जायचं नाही? हे काय देवाला सोडलेलं आहे का?" दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा-बायको दोघं टॅक्सी करून जाऊन आले आणि नाश्त्याला फोनवरचे फोटो सगळ्यांना दाखवू लागले. सगळे हसले. वहिनी तर डोळे पुसत हसल्या. "तांडेल, तुमचा किल्ला पडला," बोरकर म्हणाले. दादाही हसले, पण चहात चमचा बराच वेळ फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "वाचनालय, आता राखायला काय उरलं रे?" मला वाटलं, थट्टा चाललीय.

मोस्तार शेवटच्या दिवशी होतं. संध्याकाळी परत सारायेवोला पोचायचं, रात्रीचं विमान. सेनादनं गाडी वरच्या रस्त्यावर लावली. आम्ही बाजाराच्या अरुंद गल्लीतून खाली आलो. दोन्ही बाजूंना दुकानं, डोक्यावर छपरं, पायाखाली गोल दगड. वहिनींचा गुडघा सकाळपासून दुखत होता. त्या दुकानांच्या चौकटींना हात लावत चालत होत्या. गल्ली संपली आणि एकदम पुलाची चढण सुरू झाली. गुळगुळीत पांढरा दगड, पाय घसरू नये म्हणून आडव्या दगडी पट्ट्या. माणसं एकमेकांना धरून चढत होती.

वहिनी थांबल्या. श्वास घेतला. "मला धरा," त्या दादांना म्हणाल्या. "हळूहळू येते."

दादांनी चढणीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वहिनींच्या गुडघ्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला अजून दिसतो.

"शैला, हेच राखू या."

"काय?"

"तुझं ओलांडणं. किल्ला तर ह्या बोरकरांनी खाल्ला. या खेपेला राखीव काहीच नाय. पुढच्या वर्षी आपण दोघंच येऊ. ह्याच गावात चार दिवस राहू. सकाळी उठून सावकाश जाशील पलीकडे."

"शपथ घेतली होती ना लाटण्याची? आणि माझाच पूल सापडला तुम्हाला?"

"तुझा म्हणूनच. दुसऱ्याचा राखून आपल्याला काय?"

बोरकर पुढे झाले. "वहिनी, मी देतो हात. काही होत नाही."

वहिनींनी एकदा चढणीकडे पाहिलं. मग मान हलवली. "नको भाऊजी. ह्यांनी राखलाय आता." आणि हसून बुरुजाच्या पायरीवर बसल्या. "जा तुम्ही. गुडघा नवा करून येते मी पुढच्या वर्षी."

आम्ही गेलो. कमानीच्या माथ्यावर दादा वळले, हात वर केला, वहिनींनी खालून हात वर केला. मग आम्ही पलीकडे उतरलो, नदीकाठी खाली गेलो, तिथून पूल पाहिला. हिरवं पाणी आणि त्याच्यावर ती कमान, ताटलीवर होती तशी, फक्त खूप मोठी. एका पोरानं पुलावरून नदीत उडी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी भरपूर फोटो काढले, "शैलाला दाखवू" म्हणत. परत आलो तेव्हा वहिनी बाजूच्या दुकानदारीणबाईशी खाणाखुणांनी बोलत बसल्या होत्या. "टाळ्या ऐकल्या मी," त्या म्हणाल्या.

बहारीनला परतल्यावर कुणी विचारलं, पूल कसा होता, तर वहिनी शेगडीवरच्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "तस्साच हो. अगदी तस्साच."

पुढचं वर्ष यायच्या आधी वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं निघालं, आणि ज्या इस्पितळात त्यांनी आयुष्य काढलं तिथंच त्या रोगी म्हणून राहिल्या. मी भेटायला गेलो तेव्हा दादा त्यांच्या उशाशी बसून पुढच्या वर्षीची सहल सांगत होते. भांडी नव्हती म्हणून पलंगावरच्या टेबलावर औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. वहिनींनी एक बाटली उचलून आडवी ठेवली. पूल. मग थकून डोळे मिटून पडून राहिल्या.

त्यानंतर दादांनी सहली काढल्या नाहीत. ईद यायची, बोरकर फोन करायचे, दादा म्हणायचे, "बघू, इंशाल्ला." जासिमकडून हा शब्द त्यांनी उचलला होता. आता तो नाही म्हणायला वापरायचे. जेवायला मात्र बोलावलं की येत. आणि ताट स्वच्छ करून उठत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावला.

मग दादांची निवृत्ती जवळ आली. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो, घर आवरावं लागतं. मी त्यांना म्हटलं, "दादा, मोस्तारला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. गावाहून तिकडचा व्हिसा काढणं कठीण पडेल."

"जाऊन काय करू? पूल मी ओलांडलाय."

पण व्हिसाची मुदत संपत आली तसे ते अस्वस्थ झाले. एके दिवशी बसमध्ये शेजारी बसून म्हणाले, "तिकीट काढलं." आणि आठवड्यासाठी एकटेच गेले.

परत आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. फ्लॅटभर खोकी होती. भिंतीवर ताटली अजून तशीच होती. त्यांनी चहा केला, दोन कपांत ओतला, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"ती बसली होती ना, त्या पायरीवर बसलो," ते म्हणाले. "रोज सकाळी जाऊन बसायचो. ती दुकानवाली बाई आहे अजून. तिनं मला ओळखलं नाय."

"पलीकडे गेला नाहीत?"

"नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "वाचनालय, तिथून पूल दिसतच नाय."

मला नीट कळलं नाही.

"त्या पायरीवरनं पूल दिसत नाय रे. समोर दगडाची चढण दिसते आणि वर जाणाऱ्या लोकांच्या पाठी. कमान नाय, नदी नाय, काही नाय. मी वर उभा राहून हात केला, तेवढा तिला दिसलो असेन. मग उतरलो पलीकडे की खलास. तासभर ती पाठी बघत बसली. पोरगं उडी मारतं, ते पण नाय दिसत. नुसत्या टाळ्या येतात."

मी ताटलीकडे पाहिलं. पाहिल्यावर वाटलं, पाहायला नको होतं.

"मला वाटायचं, ओलांडायचा राहिला," दादा म्हणाले. "बघून तर झाला ना, असं मी मनाला सांगायचो. तिनं बघितलाच नव्हता. आणि परत येऊन मला एका शब्दानं बोलली नाय. उलट सगळ्यांना सांगत बसली, तस्साच, तस्साच." त्यांनी खाली ठेवलेला कप जरा दूर सारला. "जरा पुढं, वळणावर एक मशीद आहे. तिच्या अंगणातनं अख्खा पूल दिसतो. सपाट रस्ता. गुडघ्याला काही त्रास नाय. तिथं नेऊन बसवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मला काय पडलं होतं? मला माझं राखीव सापडलं होतं."

चहा निवला तेव्हा त्यांनी तो पुन्हा गरम केला.

निघायच्या आदल्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. "झाडाकडे जायचं का?"

दुपार कलल्यावर आम्ही माझ्या गाडीनं निघालो. थंडीचे दिवस होते, वाळवंटात तंबू ठोकलेले दिसत होते. दादांनी वहिनींची घडीची खुर्ची डिकीत टाकली होती. गुडघ्यासाठी वहिनी ती प्रत्येक सहलीला न्यायच्या. बोस्नियाला तेवढी सामानात बसत नाही म्हणून राहिली होती. मला वाटलं, आता निरोप घ्यायचा म्हणून दादा शेवटी एकदाचं ते झाड बघणार. गाडी मी सरळ लावली, झाडाकडे तोंड करून. पण दादा उतरले ते रस्त्याच्या बाजूला तोंड करूनच.

जवळ एक गाडी येऊन थांबली होती. बहुधा उत्तर प्रदेशाकडचं कुटुंब असावं. मुलगा, सून, नातवंडं झाडाकडे निघून गेली होती. म्हातारी आई मागं राहिली होती. वाळूतून चालवत नव्हतं म्हणून गाडीच्या सावलीत एका दगडावर बसली होती. तिच्या समोर गाडीचं दार होतं.

दादांनी डिकी उघडली. खुर्ची काढली. "इथनं पूर्ण दिसतं का रे?" असं मला विचारत थोडं पुढं गेले, परत आले, खुर्ची उघडून वाळूत घट्ट रोवली, एकदा दोन्ही हातांनी दाबून ती हलते का बघितलं.

"माँजी, इधर बैठो," ते म्हणाले. "इधर से पूरा दिखता है."

म्हातारीनं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दादांनी हात पुढे केला आणि ती उठली. चारच पावलं होती, पण ती चालेपर्यंत दादा तिच्या चालीनं चालले. ती बसली. पदर सावरला. समोर पाहिलं.

मी फोन काढला तो झाडासाठी. मितालीला मी तोच फोटो पाठवला आहे. झाड त्यात पूर्ण आहे, हिरवं, फांद्या जमिनीला टेकलेल्या. त्याच्याकडे पाठ करून तांडेलदादा उभे आहेत, एक हात खुर्चीच्या पाठीवर. म्हातारी झाड बघते आहे आणि ते तिचा चेहरा बघत आहेत.